भरपूर तेल लावूनही रायफल का गंजते?

प्रश्न असा आहे. घर रत्नागिरीकडे, खाडीच्या काठावर. घरात परवान्याची ३१५ बोअरची रायफल आणि शेती संरक्षणासाठीची १२ बोअरची एकनळी बंदूक. दर रविवारी दोन्हींना खोबरेल तेल सढळ हाताने लावले जाते, मग रेक्झिनच्या कव्हरात घालून त्या लोखंडी कपाटात जातात. तरी श्रावण संपेपर्यंत नळीवर तांबूस पूड दिसतेच. तर तेल कोणते लावावे, किती आणि किती दिवसांनी?

तेल बदला, पण ते नंतर. आधी हे लक्षात घ्या की तुमच्याकडे तेल कमी पडत नाही, पुसणे कमी पडते आहे. ओलाव्यावर आणि क्षारावर चढवलेले तेल पोलादाचे रक्षण करत नाही. उलट ते ओलावा आत कोंडून ठेवते आणि वरून चकचकीत दिसत असल्यामुळे आत काय चालले आहे ते कळत नाही. गंज तेलाच्या खालीच वाढतो.

गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाणी म्हणजे थेंबच दिसायला हवेत असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि काम सुरू होते. पावसाळ्यात कोकणात ही पातळी रात्रंदिवस ओलांडलेली असते. त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. समुद्राच्या क्षारात नुसते मीठ नसते, मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेलाही हवेतले पाणी ओढून ओले होते. म्हणजे नळीवर खाऱ्या धुळीचा पातळ थर बसला असेल, तर कोरड्या वाटणाऱ्या दिवशीही त्या थराखाली पाणी असतेच. घामाचेही तसेच. कौतुकाने बंदूक हातात घेऊन पाहणाऱ्या पाहुण्याच्या बोटांचे ठसे आठवड्याभरात नळीवर तांबड्या रंगात उमटतात, ते यामुळेच.

नळीचा काळा-निळा रंग, म्हणजे ब्ल्यूइंग, गंज थांबवतो असा समज आहे. तो रंग लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा अगदी पातळ आणि सच्छिद्र थर असतो. त्याचा खरा उपयोग तेल धरून ठेवण्याचा. तेलाशिवायचे ब्ल्यूइंग म्हणजे दिसायला छत्री, पण कापड जाळीचे.

खोबरेल नको, मग काय

खोबरेल, शेंगदाणा, तीळ, मोहरी, एरंडेल यांपैकी एकही तेल शस्त्राला लावू नये. वनस्पती तेल हवेत खवट होते, त्यातली मेदाम्ले मोकळी होतात आणि ती पोलादालाही चावतात, पितळेलाही. काडतुसाच्या पितळी भागावर हिरवा कळंक दिसला तर कारणांत हेही धरा. बाकीची खाद्यतेले कालांतराने चिकट होऊन वार्निशसारखी बसतात. खोबरेल तर २४-२५ अंशांखाली थिजतेच. डिसेंबरातल्या पहाटे बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) आत थिजलेले खोबरेल स्ट्रायकरची (काडतुसावर आदळणाऱ्या कीलेची) गती मारते आणि चाप ओढल्यावर नुसता 'टक्' आवाज येतो. आजोबा खोबरेल लावत आणि बंदूक टिकली हे खरे असेल. पण ते रोज हाताळून रोज पुसत असत, आणि ती टिकली त्या पुसण्यामुळे.

शिलाई मशीनचे तेल स्वच्छ खनिज तेल आहे. चालणाऱ्या भागांना ते उत्तम, पण त्यात गंजरोधक घटक नसल्यासारखेच आणि पातळ असल्यामुळे उभ्या बंदुकीवरून ते ओघळून जाते. पावसाळ्यात त्याचा भरवसा आठवडाभरच धरा. डब्ल्यूडी-४० आणि तसल्या फवाऱ्यांचे काम पाणी हुसकावणे. भिजलेल्या बंदुकीवर पहिल्या दहा मिनिटांत त्याच्यासारखे दुसरे काही नाही. मागे उरणारा थर मात्र फारच पातळ असतो, म्हणून ते लावून 'झाले' म्हणू नये. पाणी निघाले की पुसायचे आणि वर खरे तेल लावायचे.

खरे तेल म्हणजे काय? बंदुकीचे म्हणून विकले जाणारे खनिज तेल, किंवा औद्योगिक मालाच्या दुकानात मिळणारे रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल. यंत्रसुट्या भागांच्या कारखान्यांत तयार भाग गंजू नयेत म्हणून जे वापरतात तेच हे. कॅस्ट्रॉलची रस्टिलो ही त्यातली माहितीची मालिका. या तेलांतले गंजरोधक रेणू एका टोकाने पोलादाला चिकटून बसतात आणि पाण्याला जागा देत नाहीत. साधे तेल नुसते वर पसरलेले असते, पाणी त्याच्याखाली शिरू शकते. फरक इथे आहे. घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: पाणी हुसकावणारे आहे का, आणि थर तेलकट राहतो की मेणासारखा सुकतो. तेलकट थराचे बाहेरून व नळीत लावायला घ्या. मेणासारखे सुकणारे लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या पोलादाला चालेल, पण बोल्टच्या आत कधीही नको. बॅलिस्टॉल मिळाले तर तेही चांगले. ते पाण्यात मिसळून दुधासारखे होते, त्यामुळे किरकोळ ओलावा सोसते. लाकडालाही त्रास देत नाही.

अडचणीच्या वेळी नवे, न वापरलेले इंजिन ऑइल चालते. गाडीतून काढलेले काळे तेल मात्र मुळीच नाही, त्यात जळणातून आलेली आम्ले, पाणी आणि काजळी असते. रॉकेल सफाईपुरते. ते उडून गेले की पोलाद उघडे पडते, म्हणून रॉकेलने धुऊन तसेच ठेवलेले शस्त्र दोन दिवसांत लाल होते.

किती तेल

ढोबळ हिशेब करू. रायफलचे आतले-बाहेरचे सगळे पोलाद मिळून साधारण दीड हजार चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर ५ मायक्रॉनचा थर हवा असेल तर तेल लागते पाऊण मिलिलिटर, म्हणजे १५ थेंब. तुमच्या 'सढळ हाता'त बहुधा याच्या वीसपट तेल जाते. जास्तीचे तेल थांबत नाही, ते उताराने जाते. बंदूक दस्ता खाली ठेवून उभी असेल तर ते बोल्टच्या घरातून दस्त्याच्या मानेत मुरते आणि काही वर्षांत तिथले लाकूड काळे पडून मऊ होते. मग धक्का सोसायला लाकडात ताकद उरत नाही आणि मानेत चीर जाते. चापाच्या यंत्रणेत साठलेले तेल धूळ धरते. काडतुसापर्यंत गेलेले तेल टोपीतून (बुडाला ठिणगी पाडणाऱ्या कॅपमधून) आत झिरपले तर काडतूस फुसके निघते.

थर बरोबर आहे का हे ओळखायची खूण: बोट ओढले तर बोटाला तुकतुकी दिसावी, नळीवर रेघ दिसू नये आणि ओघळ तर अजिबात नको.

पुसणे आणि तेल देणे, क्रमाने

बंदूक रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही पाहा. काडतुसे त्या खोलीत नकोत. हे दर वेळी करायचे.

३१५ रायफलची घडण जुन्या ली-एनफिल्डवरून घेतलेली आहे. बोल्ट मागे ओढून बोल्टहेड (बोल्टचे पुढचे टोक) खाचेतून वर उचलले की बोल्ट मागून निघतो. दोन सारख्या रायफली एकाच वेळी उघडल्या असतील तर बोल्ट आणि बोल्टहेड यांची अदलाबदल होऊ देऊ नका. काडतुसामागची जागा त्या-त्या रायफलला बसवलेली असते, अदलाबदलीने ती बिघडते. एकनळीचा पुढचा लाकडी हात काढून नळी वेगळी करा.

नळी नेहमी मागून, चेंबरच्या बाजूने साफ करायची. तोंडाकडून गज घातला की तो तोंडाच्या कडेला घासतो आणि नेम तिथेच बिघडतो, कारण गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. गज एकसंध असावा, जोडाजोडीच्या गजाचे सांधे आटे (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा) घासतात. गज नसेल तर पुलथ्रू, म्हणजे चिंधी अडकवून नळीतून ओढायची दोरी. एनसीसीत गेलेल्यांना पुलथ्रू आणि चिंधी वेगळी सांगायला नको. ३०३ रायफलच्या काळापासूनचे माप आजही चालते: सफाईची चिंधी ४ इंच बाय २ इंच, तेलाची ४ बाय दीड. तेलाची अरुंद, कारण तिने तेल पसरवायचे असते, पुसून काढायचे नसते. ३१५ ला हेच माप घ्या आणि अडले तर चिंधी पाव इंचाने अरुंद करा. पुलथ्रूची दोरी नळीच्या रेषेत सरळ ओढा. तिरकी ओढली तर धुळीने भरलेली दोरी कानशीसारखे काम करते. चिंधी फार जाड झाली की मध्येच अडकते आणि जोर केला तर दोरी तुटते. अशा वेळी दोन्ही बाजूंनी पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा, मग चेंबरकडून गजाने ढकला. जमले नाही तर परवानाधारक बंदूकसाजाकडे न्या. काडतूस उडवून अडथळा बाहेर काढण्याचा विचारही नको, नळी फुटते.

आधी कोरडी चिंधी दोन वेळा. मग सॉल्व्हंट किंवा रॉकेलमध्ये भिजवून पिळलेली चिंधी, त्यामागून पितळी तारेचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार. नळीच्या मध्यावर ब्रशची दिशा उलटवू नका, तारा वाकून अडकतात. पुन्हा कोरड्या चिंध्या, पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत. काळे डाग म्हणजे जळका दारूकण, हिरवट-निळे म्हणजे गोळीच्या आवरणाचे तांबे आणि तांबूस-तपकिरी म्हणजे गंज. चिंधीचा रंग नीट पाहिला की निम्मे निदान तिथेच होते. शेवटी तेलाच्या चिंधीवर तीन-चार थेंब, एक फेरी, पुरे. १२ बोअरच्या नळीचा व्यास १८ मिलिमीटरच्या पुढे असतो, तिला लोकरी मॉप सोयीचा. सफाईचा मॉप वेगळा आणि तेलाचा वेगळा ठेवा.

चेंबर विसरू नका. ते नळीपेक्षा रुंद, म्हणून नळीच्या मापाची चिंधी तिथे टेकतच नाही. काडीवर जाड कापड गुंडाळून ते वेगळे पुसावे लागते. चेंबरमध्ये गंजाचे खड्डे पडले की उडालेल्या काडतुसाचे कवच त्यात रुतते आणि निघता निघत नाही. एकनळीत ही तक्रार बरीच आढळते आणि लोक एक्स्ट्रॅक्टरला (उडालेले काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाला) दोष देत बसतात.

बोल्ट कापडाने पुसा, खाचांत दात घासण्याचा जुना ब्रश फिरवा. स्ट्रायकरला पातळ तेलाचा एकच थेंब. कुलपासारखे अडकणाऱ्या लग्सवर तांदळाच्या दाण्याएवढे ग्रीस. बोल्टचे तोंड कोरडेच राहू द्या. एकनळीच्या बिजागराच्या खुंटीवर आणि आकड्यावर तेवढेच ग्रीस लावा. चापाच्या यंत्रणेत फवारा मारायचा मोह आवरा, पिसाने किंवा सुईच्या टोकाने एक थेंब पुरतो.

बाहेरच्या पोलादावर आधी किंचित ओलसर कापड फिरवा. हो, ओलसर. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. खाडीकाठी राहत असाल तर साध्या, शक्यतो गाळलेल्या गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसून लगेच कोरड्या कापडाने पुसणे, मग केस वाळवायच्या यंत्राने दोन मिनिटे कोमट हवा आणि नंतर तेल. तुमच्या आतापर्यंतच्या रविवारांत नेमकी हीच पायरी नव्हती, म्हणून दर आठवड्याचे मीठ आधीच्या आठवड्याच्या मिठावर साठत गेले. मक्षीचा (नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटचा) पाया, मागच्या साइटची पट्टी, स्क्रूंच्या खाचा, पट्ट्याच्या कड्या या जागी आधी बघा. गंज सपाट जागी नव्हे, कोपऱ्यात जन्मतो. तेलाचे कापड जुन्या सुती धोतराचे किंवा फलाणीचे घ्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, उघड्यावर ते धूळ खाते.

लाकडाखाली

वरून नीटनेटकी दिसणारी रायफल लाकडाखाली पार खाल्लेली निघते, असे अनेकदा होते. पावसात भिजल्यावर लाकूड पाणी पिते आणि नळीच्या पोटाला आठवडाभर ओला फडका गुंडाळल्यासारखे राहते. एकनळीचा पुढचा हात सहज निघतो, तो प्रत्येक वेळी काढा. रायफलचे पुढचे लाकूड मात्र वरचेवर उतरवू नये, त्याची बैठक सैल होऊन नेम हलतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, पुरे. तेव्हा तिथल्या पोलादावर तेलाऐवजी मेणाचा पातळ थर द्या. तेल लाकडात मुरून जाईल, मेण जागेवर राहील. घासण्याची पूड नसलेले गाडीचे पेस्ट वॅक्स चालते. जुन्या ३०३ मार्क ३ रायफलबद्दल एक इशारा: पुढचे लाकूड जागेवर असताना दस्त्याचा आतला बोल्ट फिरवू नका. त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते, ते फिरले की लाकूड चिरते.

दस्त्याला जवसाचे तेल. हातावर चार-पाच थेंब घेऊन तळव्याने चोळायचे, अर्ध्या तासाने उरलेले पुसायचे. महत्त्वाचे म्हणजे जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा.

फायर केल्यानंतर

आजच्या बहुतेक काडतुसांची टोपी क्षार सोडत नाही. जुन्या ३०३ च्या काडतुसांत पोटॅशियम क्लोरेटची टोपी असे. ती जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे मिठाचाच भाऊ. नळी तेलाने कितीही पुसली तरी हा क्षार खाली तसाच राहतो आणि पावसाळ्यात एका रात्रीत आटे लालसर होतात. लोक म्हणतात अमोनियाने तो 'मारला' जातो. अमोनियाच्या पाण्यातले काम करते ते पाणी, अमोनिया नव्हे. अमोनिया तांबे काढतो, ते वेगळे काम. तुमच्या पेटीतली काडतुसे कोणत्या काळातली आणि कोणत्या टोपीची हे ठाऊक नसेल, तर क्षार आहेच असे धरून चाला.

उपाय जुना आहे आणि फुकट आहे. बोल्ट काढून, नळीचे तोंड बादलीत खाली धरून, चेंबरमध्ये वाकड्या नळीचे फनेल लावून सुमारे दोन लिटर उकळते पाणी ओता. फनेल नीट बसवा, कारण पाणी लाकडात जाता कामा नये. उकळतेच का? एक तर क्षार भराभर विरघळतो आणि दुसरे म्हणजे नळी इतकी तापते की आतला ओलावा स्वतःच उडून जातो. कोमट पाण्याने हे होत नाही. लगेच दोन कोरड्या चिंध्या, आणि नळी हाताला सोसेल इतकी निवाली की तेल. बोल्टचे तोंडही गरम ओल्या कापडाने पुसा, टोपीतला वायू तिथेही आलेला असतो. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी ओढा. तपकिरी आली तर सगळे पुन्हा, पांढरी आली तर तेल देऊन ठेवा.

दुनळी असेल तर उकळत्या पाण्याने दोन नळ्यांमधली डाखणी वितळणार नाही, ती भीती नको. पण मधली पट्टी कुठे सुटली असेल तर पाणी तिच्या पोकळीत जाते आणि बाहेर येत नाही. आधी नळ्या आकड्याने टांगून लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा आवाज आला तर ठीक. मडक्यासारखा बद्द आला तर पाणी नको, ओल्या चिंधीवरच भागवा आणि बंदूकसाजाला दाखवा.

तळकोकणात अजून पुष्कळ शेतकऱ्यांकडे ठासणीची बंदूक आहे. तिचे शास्त्र थोडे निराळे. काळ्या दारूची जळल्यावर निम्म्याहून अधिक घनरूप राख होते, तिच्यातली बरीचशी नळीत राहते, पाणी ओढते, आणि खनिज तेल तिच्यावर घातले तर डांबरासारखा चिकटा होतो. म्हणून तेल आधी नाही. गरम पाणी आणि साधा साबण, राख पूर्ण जाईपर्यंत. निपल (ज्यावर टोपी बसते ती छोटी नळी) काढून वेगळे धुणे, कोरडे करणे, मग तेल. हे त्याच संध्याकाळी व्हायला हवे, उद्यावर टाकले तर निपलचे आटे जाम होतात.

फायर करण्याआधीही एक काम असते: नळी आणि चेंबर कोरड्या चिंधीने पुसणे. चेंबरमध्ये तेल असेल तर काडतुसाचे कवच भिंतीला धरत नाही आणि धक्क्याचा सगळा भार बोल्टवर येतो. नळीत तेल किंवा ग्रीस साचून राहिले असेल तर दाब वाढतो, आणि ग्रीसचा जाड गोळा असेल तर नळी फुगते.

ठेवायची कशी

रेक्झिनचे कव्हर फक्त प्रवासासाठी. त्याचे अस्तर ओलावा पिऊन धरते. चामड्याचे म्यान त्याहून वाईट, कारण चामडे कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ले त्यात उरलेली असतात. पट्ट्याच्या चामडी घरांत काडतुसे वर्षानुवर्षे ठेवली की ती हिरवी पडतात, त्याचेही हेच कारण. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका. आत ओल कोंडते, आणि विसरून काडतूस उडाले तर काय होते ते वर आलेच आहे. बंदूक लाकडी खाचेवर, भिंतीपासून चार बोटे सुटी, तोंड थोडे खाली करून ठेवावी, म्हणजे जास्तीचे तेल दस्त्याकडे न जाता बाहेर येते. खाली कागद ठेवला की किती आले तेही कळते.

लोखंडी कपाट कुलूपबंद असावेच, पण पावसाळ्यात ते ओलीची पेटी होते. सर्वांत स्वस्त तोड म्हणजे तळाशी १५ वॉटचा जुन्या तारेचा बल्ब, ज्याला झीरोचा म्हणतात तो. एलईडी चालणार नाही, आपल्याला उजेड नको, ऊब हवी. ३० अंश आणि ८५ टक्के ओलाव्याची हवा पाच अंशांनी तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास येते. हवेत पाणी तेवढेच राहते, पण पोलादावर बसायची त्याची ताकद जाते. बल्बजवळ तेलाची फडकी नकोत, आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात.

बल्ब नको असेल तर सिलिका जेल, पण कपाटाच्या दाराला रबरी पट्टी लावून फटी बुजवल्या असतील तरच. नाहीतर ते पूर्ण जिल्ह्याची हवा सुकवायला बसते. साध्या कपाटाला अर्धा किलो घ्या. रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून स्वयंपाकाचे भांडे वापरू नका.

मुंबईकरांचा त्रास वेगळा. एसीच्या खोलीत २४ अंशांवर ठेवलेली बंदूक पावसाळ्यात बाहेर काढली की गार पाण्याच्या बाटलीसारखी घामेजते, कारण बाहेरच्या हवेचा दवबिंदू तेव्हा २५-२६ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी ती कव्हरातच तासभर राहू द्या, बाहेरच्या तापमानाला आली की मगच उघडा. कव्हराचा एवढाच काय तो उपयोग.

वेळापत्रक तुमच्या जागेसाठी: जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बाहेरून पुसून तेल आणि पंधरवड्याने नळी. ऑक्टोबर ते मे, तीन-चार आठवड्यांनी एकदा. हात लागला की त्याच दिवशी पुसणे आणि भिजली की त्याच तासाला. मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्यात गणित उलटे होते. तिथे ओलीपेक्षा धूळ शत्रू, आणि तेल अधिक धूळ म्हणजे घासायची पेस्ट. तिथे चालत्या भागांवर तेल जवळजवळ नसल्यासारखेच ठेवा.

खंडेनवमीचे वेगळे सांगतो. पूजा अवश्य करावी, पण हळदकुंकू, ओली फुले, नारळाचे पाणी आणि अक्षता रात्रभर नळीवर राहिल्या तर सकाळी प्रत्येक फुलाखाली त्याच आकाराचा डाग असतो. शस्त्राखाली वस्त्र घाला, कुंकवाचे बोट दस्त्याला लावा, फुले शेजारी ठेवा आणि संध्याकाळी पुसून तेल द्या. नाहीतरी पावसाळ्यानंतरची मोठी तपासणी त्याच सुमाराला करायची असते.

निवडणुकीआधी शस्त्र जमा करायचा हुकूम आला तर ते महिना-दोन महिने तुमच्या हातात नसेल आणि तिथे कुणी पुसणार नाही. त्या वेळेपुरते हात जरा सैल सोडा: धुऊन, वाळवून, नळीत आणि बाहेर रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेलाचा नेहमीपेक्षा दुप्पट थर, बोल्टच्या बाहेरून ग्रीस. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. गंजरोधक व्हीसीआय कागद मिळाला तर तो गुंडाळा. चापाच्या कडीला 'नळीत तेल आहे, वापरण्यापूर्वी पुसा' अशी चिठ्ठी बांधा. पावतीवर शस्त्राची अवस्था लिहून घ्या आणि परत आणल्या दिवशीच उघडून पाहा.

आता आहे त्या गंजाचे काय

तांबूस पूड असेल तेवढ्यावर भरपूर तेल लावून चोवीस तास ठेवा, मग गोणपाटाच्या खरखरीत तुकड्याने चोळा. न निघाल्यास ०००० नंबरची स्टील वूल तेलात भिजवून, बोटाच्या दाबाने, नळीच्या लांबीच्या दिशेने. भांडी घासायची जाड तार नव्हे, तिने ब्ल्यूइंग उतरते. हट्टी ठिपका तांब्याच्या किंवा पितळेच्या बोथट पट्टीने खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि पोलाद ओरखडत नाही. पॉलिश पेपर नको. आणि चिंच, कोकम, लिंबू, व्हिनेगर किंवा गंज काढायचे आम्ली द्रावण तर नकोच. तांब्याच्या भांड्याला जे लखलखवते ते ब्ल्यूइंगला मिनिटाभरात खाऊन टाकते, कारण ब्ल्यूइंगही लोखंडाचे ऑक्साइडच आहे आणि आम्लाला चांगला गंज, वाईट गंज असा भेद कळत नाही.

गंज निघाल्यावर खाली खड्डे राहिले असतील तर ते भरून येत नाहीत. बाहेरचे खड्डे दिसायला वाईट, एवढेच. त्यांत ओल धरते म्हणून तिथे मेण द्या. नळीच्या आतले बारीक खड्डे असूनही रायफल पुरेशी नेमकी लागू शकते, पण तिथे तांबे आणि राख साचते, म्हणून सफाईला दुप्पट वेळ धरा. चेंबरमधले खड्डे, बोल्टच्या लग्सवरचे खड्डे किंवा एकनळीच्या चेंबरपुढच्या पातळ भिंतीतले खोल खड्डे मात्र घरी ठरवायची गोष्ट नाही. तोवर त्या शस्त्रात काडतूस घालू नका आणि ते परवाना असलेल्या बंदूकसाजाकडूनच तपासून घ्या. गावातला लोहार कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे ते ठेवणे कायद्यातही बसत नाही आणि भट्टीजवळ नेलेल्या नळीचे पाणीही (पोलादाचा कठीणपणा) उतरते.